अंगठा कुठे थांबतो

सरांच्या हातात खटक्याचं पेन होतं आणि ते सकाळपासून नुसतं खटखट वाजत होतं. खोलीत येरझारा, खिडकीशी दोन मिनिटं, परत टेबलाशी, परत खटखट. बाहेरच्या कारकूनबाईंनी दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा काही न विचारता मान आत घेतली. सर असे अस्वस्थ असले की त्यांच्या वाटेला जायचं नाही, हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं.

आता सर म्हणजे कोण, तर विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातले सगळ्यांत जुने प्राध्यापक. बाकीच्यांना आडनावानं ओळखत, यांना नुसतं 'सर'. त्यांच्या हाताखाली अकरा जणांनी पीएचडी केली होती आणि बारावी मुलगी तीन आठवड्यांत प्रबंध जमा करणार होती. टेबलावर एक कागद अर्धवट लिहून पडला होता. सोमवारच्या बैठकीत सर ठराव मांडणार होते: नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी दर वर्षी जे पंधरा दिवसांचं कौशल्य प्रशिक्षण ठेवतात, ते कायमचं बंद करावं.

"पंधरा दिवस चहा-बिस्किटं खायची, टाळ्या वाजवायच्या आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं!" सर भेटेल त्याला ऐकवत. "आम्हाला कोणी शिकवलं होतं हो? बघून बघूनच शिकलो ना?"

ठरावाला पुरावा म्हणून त्यांनी गेल्या वर्षीचं वेळापत्रक जोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'मापनाचा सराव, दोन तास' असं होतं, त्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती आणि बाजूला स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'थेंब ओढायला दोन तास? हास्यास्पद!'

खरं सांगायचं तर प्रशिक्षण तसंही नावालाच उरलं होतं. नियम असा, की ते पूर्ण केल्याचा फॉर्म मार्गदर्शकाच्या सहीनं जमा झाल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही. मग मार्गदर्शक काय करत? पहिल्याच आठवड्यात सही ठोकून मोकळे होत आणि पोराला कामाला जुंपत. तुम्ही म्हणाल, यात नवल काय, सगळीकडे असंच चालतं. तेच तर सांगतोय मंडळी, सगळीकडे असंच चालतं!

तर सरांना ठरावाची काळजी नव्हती, तो मंजूर होणारच होता. अस्वस्थ केलं होतं सकाळी आलेल्या एका ईमेलनं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं लिहिलं होतं: 'तुमच्या विद्यार्थिनीनं सांगितलेली मात्रा आम्ही तीनदा करून पाहिली. जंतू मरत नाही. कृपया खुलासा करावा.'

सरांनी पेन टेबलावर आपटलं आणि हाक मारली, "पक्कीला बोलवा!"

पक्की हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. प्रयोग कितीदाही करा, हिचा आकडा तोच यायचा, म्हणून लॅबमध्ये हे नाव पडलं होतं. रुग्णालयांच्या पाण्याच्या टाक्यांत एक चिवट जंतू घर करून बसतो. त्याला मारायला एका औषधाची कमीत कमी किती मात्रा लागते, हे तिनं पाच वर्षं खपून शोधून काढलं होतं. ईमेल पाठवणाऱ्या त्याच प्रयोगशाळेनं तिला नोकरीही देऊ केली होती. अट एकच, प्रबंध वेळेत जमा झाला पाहिजे. तिकडे महिन्याभरात ते औषध टाक्यांत घालायला सुरुवात होणार होती.

पक्की आली ती वही छातीशी धरूनच. ईमेल वाचून तिचा चेहरा उतरला.

"सर, मी कालच परत केलं. तेच आलं. ज्युनिअरला करायला लावलं, तिचंही तेच. आपल्याकडे कोणीही करू दे, आकडा हलत नाही."

"मग संपलं! त्यांच्याच हाताला खोट असणार. दे तसं लिहून."

"लिहू?"

सरांना लिही म्हणवेना. "थांब जरा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेन वाजवायला लागले.

संध्याकाळी घरीही तेच. चहा गार झाला, वर्तमानपत्र उलटं धरलं गेलं. सरांची बायको परिचारिकांच्या शाळेत शिकवायची. तीस वर्षं तिनं मुलींना सुई धरायला शिकवलं होतं. ती गणवेशाला इस्त्री करत होती. पंधरा मिनिटं तिनं ती खटखट सोसली.

"अहो, ते पेन खाली ठेवा, नाहीतर इस्त्री तुमच्यावरून फिरवीन! काय झालंय?"

सरांनी सगळं सांगितलं. तिनं कॉलर नीट पसरली आणि विचारलं, "तिचे हात बघितलेत कधी?"

"हात? दर आठवड्याला वही बघतो की तिची."

"वही नाही म्हणाले मी. हात. काम करताना तिचे हात."

"अगं, पाच वर्षं झाली तिला! आता काय हात बघायचे?"

"पाच वर्षं झाली आणि एकदाही नाही?" तिनं इस्त्री उभी ठेवली. "माझ्याकडची मुलगी आधी चाळीस वेळा उशीला टोचते. मी शेजारी उभी असते. हात कापतो, सुई तिरकी जाते, मी धरून सरळ करते. चाळिसाव्या वेळेला नीट जमलं तरच माझी सही. तुम्ही मात्र मुलगी दारात आली की सही करता आणि म्हणता, जा, बघून शीक. कोणाचं बघून? ज्याला कोणी शिकवलं नाही त्याचं?"

"तुमचं वेगळं आहे. तिथे माणसाच्या जिवाशी गाठ असते."

"आणि त्या टाक्यांमधलं पाणी काय घोड्यांना पाजणार आहात?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते उठून गॅलरीत गेले, पण तिथेही त्यांना बरं वाटेना. ती बोलली ते खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये जाऊन पक्कीच्या मागे उभे राहिले. लॅबमधले सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. सर आत येतात ते पाहुण्यांना लॅब दाखवायला, नाहीतर कोणाचे कान उपटायला, मग आज हे काय? पक्कीनं पिपेट उचललं. पिपेट म्हणजे थेंबाचा शंभरावा भागसुद्धा मोजून ओढणारं, जाडसर पेनासारखं एक उपकरण. किती ओढायचं तो आकडा फिरवून लावायचा, मग वरचा खटका अंगठ्यानं दाबायचा, टोक द्रवात बुडवायचं, खटका सोडला की द्रव वर चढतो. तिनं दाबलं, बुडवलं, सोडलं, नळीत रिकामं केलं. वीस नळ्या झाल्या, हात एकदाही हलला नाही.

"उत्तम!" सर म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलं. हाताची शंका मिटली. मग उरलं काय? पिपेटच बिघडलं असणार! त्यांनी लगेच फोन करून उपकरणं तपासणाऱ्या ताईंना बोलावलं.

ताई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. हातात पत्र्याची पेटी, कानामागे पेन्सिल. वर्षातून एकदा येत, उपकरणं तपासत, चिकटपट्टीवर तारीख लिहून जात. त्यांच्याशी आजवर कोणी दोन वाक्यं बोललं नव्हतं. त्यांनी नाजूक तराजू काढला, प्रत्येक पिपेटनं पुन्हा पुन्हा पाणी ओढून तोलून पाहिलं.

"यंत्रं ठणठणीत आहेत, सर. दहा लावलं की दहाच देतात."

"शक्यच नाही. परत बघा."

ताईंनी परत बघितलं. दहाच. मग त्यांनी पिपेट पक्कीपुढे धरलं. "तुम्ही भरून दाखवता का, बाळ?"

पक्कीनं दाबलं, बुडवलं, सोडलं आणि पाणी तराजूवर सोडलं. आकडा आला साडेबारा.

ताईंच्या कपाळाला आठी पडली. "अजून एकदा." साडेबारा. "अजून." साडेबारा!

"अंगठा कुठवर दाबता तुम्ही?"

"पार खालपर्यंत."

"आणि मध्ये काही अडल्यासारखं लागत नाही?"

"लागतं ना. तिथे जरा जोर लावायचा."

ताईंनी पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली. "बाळ, या खटक्याला दोन टप्पे असतात. ओढताना पहिल्या टप्प्यावर थांबायचं. दुसरा टप्पा फक्त सोडताना, तळाशी राहिलेला थेंब ढकलून द्यायला. तुम्ही ओढतानाच दुसऱ्यापर्यंत जाताय. दर वेळेला औषध जास्त पडतंय आणि वहीत लिहिताय दहा."

पक्कीचा हात तसाच हवेत राहिला. दहा मात्रेनं जंतू मरतो असं तिनं पाच वर्षं लिहिलं, आणि पाच वर्षं तो मरत होता साडेबारानं. त्या प्रयोगशाळेनं बिचारीनं खरोखरचे दहा घातले. जंतू कशाला मरेल?

"पक्की!" सर कडाडले. "पाच वर्षं! एवढी साधी गोष्ट कळू नये? अगं, शाळेतल्या पोराला जमेल! आण इकडे. बघ, असं धरायचं, असं बुडवायचं, आणि..."

सरांनी दाबलं, बुडवलं, सोडलं. पाणी तराजूवर पडलं.

साडेबारा!

सर आकड्याकडे बघत राहिले. पुन्हा केलं. पुन्हा साडेबारा. त्यांचा अंगठा तीस वर्षांच्या सवयीनं पार खाली जात होता. मध्ये अडलेलं लागत होतं आणि तिथे ते जरा जोर लावत होते.

"तुला... तुला हे कोणी शिकवलं?" सरांनी पिपेट खाली ठेवत विचारलं.

"माझ्या आधीच्या दादानं. पहिल्या दिवशी म्हणाला, मी करतो तसं कर." पक्की हळू बोलत होती. "त्याला त्याच्या आधीच्या ताईनं शिकवलं. तिला तिच्या आधीच्यानं."

सरांच्या पहिल्या विद्यार्थ्याला कोणी शिकवलं होतं, हे विचारायची गरजच नव्हती. आणि सरांना? तेही असेच कोणाच्या तरी खांद्याआडून बघून शिकले होते. त्यांचे मार्गदर्शक म्हणाले होते, बघून शीक. अकरा माणसं, बारावी ही, सगळी एकसारखी चुकत होती. सगळ्यांचा आकडा एकच यायचा, म्हणून कोणालाही कधी शंका आली नाही.

ताईंनी पेटी बंद केली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "सर, प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी सकाळी हेच शिकवते मी. दोन तास. प्रत्येकाचा अंगठा धरून. तुमच्या लॅबचं कोणी कधी आलं नाही."

सरांच्या डोळ्यांपुढे ती लाल रेघ आली. हास्यास्पद! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

खोलीत आल्यावर पक्की खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. "सर, पहिल्या वर्षी मी पंधरा दिवसांची परवानगी मागितली होती. तुम्ही म्हणालात, काम कर, फॉर्मवर सही मी देतो. तेव्हा मला किती आनंद झाला होता! वाटलं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे."

सर टेबलाकडे बघत होते. तीन आठवडे. एवढ्यात पाच वर्षांचे प्रयोग परत करणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. त्यांच्या मनात एक विचार आला. आपण सज्जन समजतो त्या माणसाच्या मनातही असे विचार येतात, उगाच लपवण्यात अर्थ नाही.

"असं करू या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "प्रबंध जमा करून टाक. तिकडे कळवू, मात्रा बरोबर आहे, मोजण्यात तुमचीच चूक असेल. आतले आकडे एकमेकांशी जुळतात, परीक्षकांना काही कळणार नाही. नोकरीवर रुजू हो. मग सावकाश दुरुस्ती..."

"सर!" पक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही कापला. "मी रुजू होईन तेव्हा त्या टाक्यांत माझे दहा पडलेले असतील. जंतू जिवंत असेल आणि पेशंट तेच पाणी पितील. मी कोणत्या तोंडानं तिथे जाऊ?"

सरांना वर बघवेना. पाच वर्षांत या मुलीला त्यांनी काय दिलं होतं? एक सही आणि एक चूक. आणि आज खोटं वागायचा सल्लाही दिला. त्यांनी पेन उचललं, खटका दाबला आणि प्रथमच ते न वाजवता लिहायला घेतलं. ईमेलचं उत्तर त्यांनी आधी कागदावर उतरवलं, ते चार ओळींचं होतं: मात्रा चुकीची आहे, वापरू नका. चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत माझ्या लॅबची, म्हणजे माझी आहे. विद्यार्थिनीचा दोष नाही. नवे आकडे सहा महिन्यांत पाठवतो.

पक्कीनं वाचलं. "माझी नोकरी गेली ना, सर?"

"बहुतेक," सर म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

सोमवारी बैठक भरली. ठराव मांडायची वेळ आली, तसे सर उठले आणि त्यांनी टेबलावर एक पिपेट, एक पेला पाणी आणि ताईंचा तराजू ठेवला. ताई दाराशी उभ्या होत्या.

"ठराव बाजूला ठेवू. आधी प्रत्येकानं दहा लावून पाणी ओढून दाखवा."

"ही काय पोरांची परीक्षा आहे?" विभागप्रमुख हसले. पण सर हसत नव्हते, तेव्हा एकेक जण उठला. जमलेले सात जण. पहिल्याचे दहा आले. दुसरीचे दहा. तिसऱ्याचे तेरा! पुढे दोघांचे दहा आणि मग एकाचे बारा. विभागप्रमुखांचे अकरा आणि काहीतरी आले, तसे ते घाईघाईनं म्हणाले, "आमची पद्धत जरा वेगळी आहे."

"माझीही वेगळीच होती, तीस वर्षं," सर म्हणाले. "त्या वेगळ्या पद्धतीनं माझ्या एका मुलीची पाच वर्षं पाण्यात गेली, आणि आणखी महिन्याभरात पेशंटांच्या जिवाशी खेळ झाला असता. प्रशिक्षण बंद करा असं मी लिहिलं होतं. ते फुकट जातं हे खरंच आहे. पण का जातं? भाषणं ठेवतो आपण, हात कोणाचे बघत नाही. पोरांना पाठवत नाही आणि न पाठवता सह्या करतो. प्रशिक्षण बंद नाही करायचं, खरं करायचं! भाषणं कमी, हातांचा सराव जास्त. पिपेट असो, आकडेमोड असो, नाहीतर चार माणसांपुढे आपलं काम समजावून सांगणं असो, मुलानं करून दाखवल्याशिवाय सही नाही. आणि आधी आपण बसायचं. सगळ्यांत आधी मी."

विभागप्रमुखांनी तराजूकडे आणखी एकदा बघितलं. मग म्हणाले, "ताई, आत या. बसा ना."

पक्कीची ती जागा गेली ती गेलीच, दुसऱ्या कोणाला मिळाली. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तिला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. तिनं सगळे प्रयोग मुळापासून पुन्हा केले, रोज सकाळी सर शेजारी उभे राहून हात बघत. आधीच्या अकरा जणांनाही सरांनी एकेक करून फोन केला आणि सांगितलं, आपण चुकीचं शिकवलं. त्यातले दोघं रागावले, एकानं फोन मध्येच ठेवून दिला. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं नवी मात्रा करून पाहिली आणि एका ओळीचं उत्तर पाठवलं: 'या वेळी जंतू मेला.' ते वाचून पक्की टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

आणि नव्या वर्षीचं प्रशिक्षण सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाकावर, पहिल्या वर्षाच्या पोरापोरींमध्ये, पांढऱ्या केसांचे सर बसले होते. मागच्या बाकांवर कुजबुज आणि खुसखुस चालली होती. शिकवायला ताई होत्या आणि त्यांच्या जोडीला पक्की. ती बाकाबाकावरून फिरत प्रत्येकाचा अंगठा बघत होती.

सवय अशी सहज सुटत नाही. सरांचा अंगठा पुन्हा पुन्हा खाली घसरत होता. घाम फुटला बिचाऱ्यांना. दोन तास झाले, तसा त्यांनी आपला फॉर्म पुढे केला. नव्या नियमानं 'प्रशिक्षण पूर्ण' या शब्दांखाली आता मार्गदर्शकाऐवजी शिकवणाऱ्याची सही लागायची आणि ती जागा रिकामी होती.

"झालं ना आता? दे सही."

पक्कीनं फॉर्म हातात घेतला, वाचला आणि तसाच परत बाकावर ठेवला.

"सर, शेवटच्या पाचांतले दोन चुकले. अजून दहा वेळा करा. मी थांबते."

सगळ्यांना वाटलं, आता कडाडणार! सरांनी तिच्याकडे बघितलं. अशीच एक सही द्यायला आपण हिला पहिल्या वर्षी नकार दिला असता तर, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या, पिपेट उचललं आणि पहिल्या टप्प्यावर अंगठा थांबवला.

वाचकहो, आपण कोणी शिक्षक असू, कोणी साहेब, कोणी घरातले मोठे. रोज आपल्यापुढे कोणीतरी नवखं येऊन उभं राहतं आणि आपण म्हणतो, बघून शीक. तसं म्हणण्याआधी आपला अंगठा एकदा तराजूवर तपासून घेऊ या. आणि ज्याचे हात आपण बघितले नाहीत, त्याच्या कागदावर सही करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे ना!